कशावरूनबाईंची चौकशी

अगं बये,

शाळेने स्मरणिका काढायचं ठरवलं आहे आणि तुझ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं आहे. "जुन्या बाईंवर दोन गोड शब्द लिहून द्या," असं म्हणाली ती नवी मुख्याध्यापिका. गोड शब्द! तुझ्यावर! तुझ्या शेजारच्या वर्गात मी जन्मभर पाढे घोकून घेतले. मधली भिंत पातळ, आणि तुझा आवाज नव्या खडूसारखा कर्र वाजणारा. मला गोड काही आठवत नाही. जे आठवतं ते लिहिते. भाच्याच्या घरी खिडकीशी बसून तू हे कोणाकडून तरी वाचून घेशील आणि ओळीओळीला अडवशील, म्हणून आधीच सांगते: यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेलं तूच मला चहा पिता पिता सांगितलंस. पुढे ज्या गणिताच्या बाई येतात त्या मी. पण गोष्ट तुझी आहे, तेव्हा मला तेवढंच नाव पुरे. आता गप्प बस आणि बाकीच्यांना ऐकू दे.

तर, चर्चच्या आवारातल्या त्या प्राथमिक शाळेत चौथीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा कशावरूनबाई म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर नुसतं 'बाई'. पण त्यांना ठाऊक होतं. त्यांना सगळंच ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक नसेल त्याचा संशय असायचा. दूधवाल्याच्या मापावर संशय, शाळेच्या घड्याळावर संशय, पोरांच्या आजारपणाच्या चिठ्ठ्यांवर तर दाट संशय. खोलीला कुलूप लावलं की ओढून बघायच्या, चार पावलं जायच्या, परत येऊन पुन्हा ओढायच्या. शिपाईमामा एकदा न राहवून म्हणाला, "बाई, कुलूप तुमच्यापेक्षा मजबूत आहे." तर म्हणाल्या, "कशावरून?"

हा स्वभाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना नकोसा व्हायचा. वर्गात मात्र त्याचं सोनं व्हायचं.

वर्षाच्या पहिल्या तासाला बाई पाण्याने भरलेला जग घेऊन आत यायच्या, टेबलाशी अडखळायच्या, आणि पाणी पुढच्या बाकापर्यंत. वर्ग खुदखुदायचा. बाई निमूटपणे फरशी पुसायच्या आणि मग गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "पाणी कोणी सांडलं?"

एक म्हणायचा, बाईंनी मुद्दाम सांडलं. दुसरी म्हणायची, टेबलाचा पाय मध्ये आला. तिसरा शपथेवर सांगायचा की खिडकीतून मांजर आलं.

"मांजर?"

"हो बाई, काळं."

"अजून कोणी पाहिलं?"

मग दोन-तीन हात वर. आणि मागच्या बाकावरून आवाज, "बाई, पांढरं होतं."

बाई फळ्याला पाठ लावून उभ्या राहायच्या. "बघा. आत्ताची गोष्ट. फरशी अजून ओली आहे, तर तिच्यात मांजर शिरलं. पुस्तकातल्या गोष्टी तर शेकडो वर्षांपूर्वीच्या. त्यांत किती मांजरं शिरली असतील?"

तेव्हापासून वर्षभर त्या वर्गात खोट्या माहितीला 'मांजर' म्हणत. कोणी थाप मारली की सगळे एका सुरात 'म्याँव' करायचे, आणि शेजारच्या वर्गात गणिताच्या बाईंचे पाढे चुकायचे.

बाईंचा नियम एकच होता. दोन साक्षीदार आणि एक वस्तू. राजा लढाई जिंकला म्हणता? मग एकमेकांशी न बोललेले दोन साक्षीदार दाखवा, आणि हातात धरता येईल अशी एक वस्तू दाखवा. तलवार, नाणं, मडक्याचा तुकडा, काहीही. साक्षीदार एकच मिळाला तर? "तर खोटं म्हणू नका आणि खरंही म्हणू नका. नुसतं धरू नका. बाजूला ठेवा." नऊ-दहा वर्षांची पोरं हा नियम घरी घेऊन जायची आणि आईबापांना धारेवर धरायची.

यावरून चर्चच्या पाळकसाहेबांशी त्यांचं वाजलं. वाजणारच होतं.

शाळेच्या व्हरांड्यात संस्थापकांची मोठी तसबीर होती. लांब कोट घातलेले, हातात कुदळ, मागे विहीर. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब मुलांचा वर्ग घ्यायचे. तिथे त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की ही विहीर त्या थोर माणसाने एकट्याने खणली, बाळांनो, स्वतःच्या दोन हातांनी. चौथीतली एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली.

"साहेब, ते खाली खणत होते तेव्हा माती वर कोण ओढत होतं?"

"ते स्वतःच ओढत होते."

"मग खाली कोण होतं?"

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. मागून बारीक आवाजात कोणीतरी म्याँव केलं.

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बैठक झाली. पाळकसाहेब तसे सज्जन, गोलमटोल, पटकन घाम येणारे. रुमालाने मान पुसत म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या मुलांना वकील करताय. श्रद्धेच्या गोष्टीत साक्षीपुरावे मागतात ती."

"विहीर श्रद्धेची गोष्ट नाही साहेब, मातीची आहे," बाई म्हणाल्या. "आणि दोन साक्षीदारांचा नियम मी काही घरी बसून शोधलेला नाही. तुमच्याच व्यासपीठावरून, बायबलातलं वचन म्हणून ऐकला. मला आवडला, एवढंच."

मुख्याध्यापिकांनी हसू दाबायला खिडकीबाहेर पाहिलं. पाळकसाहेबांनाही हसू आलं असावं, पण ते दाबताना त्यांच्या तोंडून एक वाक्य निसटलं. "उद्या तुमचीच कोणी साक्ष काढली म्हणजे कळेल!"

थट्टाच होती. खोलीतल्या तिघांपैकी दोघांना तशीच वाटली. कशावरूनबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

कारण त्यांच्या स्वतःच्या इतिहासात एक भलंमोठं मांजर होतं.

बाईंचे यजमान बंदरावरच्या गोदामात कारकून होते. लग्नानंतर थोड्याच काळाने ते नोकरीसाठी तिकडे गेले. खोली मिळाली की बोलावतो म्हणाले. पत्रं आली, मग कमी आली, मग थांबली. बाईंनी लिहिलेली पत्रं परत आली नाहीत आणि त्यांना उत्तरंही आली नाहीत. भांडण नाही, निरोप नाही, काही नाही. वाट बघून बघून बाईंनी या शाळेत अर्ज केला. शाळेच्या मागे, सायकलींच्या शेडला लागून एक खोली होती. एका दानशूर बाईंनी ती बांधून दिली होती, आणि देताना अट घातली होती की इथे राहायचं ते विधवा किंवा बिनलग्नाच्या शिक्षिकेनेच. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तुमचे मिस्टर?"

"वारले," बाई म्हणाल्या. आणि समोरची बाई पुढचं ऐकायला थांबली आहे असं पाहून म्हणाल्या, "तापाने."

हा ताप कुठून आला ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुख्याध्यापिकांनी त्यांचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने खोलीची किल्ली दिली. ती खोली म्हणजे बाईंचं सगळं जग. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत तुळतुळीत पुसलेली काच, आणि दाराला ते कुलूप. भावाकडे जाऊन राहायचं म्हणजे वहिनीच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं उभं राहायचं. ते त्यांना मरण वाटायचं. खोली गेली तर जाणार कुठे?

यातली खरी गोष्ट त्यांनी फक्त एकीला सांगितली होती. एका सुट्टीत पेपर तपासता तपासता, गणिताच्या बाईंना. गणिताच्या बाई लाल पेन खाली न ठेवता म्हणाल्या होत्या, "बरं. मला काय त्याचं," आणि पुढचा पेपर ओढला होता. यापेक्षा चांगलं उत्तर बाईंना कुणी दिलं नसतं.

आता ती चौकशी.

सहामाही परीक्षा झाल्यावर बाई दरवर्षी मुलांना एक काम द्यायच्या. जुन्या राजांऐवजी यंदा त्यांनी वेगळं काढलं. "एक जिवंत माणूस निवडा. शाळेला माहीत असलेला. सगळ्या वर्गाने मिळून एकच. त्याचा इतिहास काढा, आपल्या नियमाने. पण खुद्द त्या माणसाला काही विचारायचं नाही. माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की मांजरांची रांग लागते. आणि कोणाला निवडलंत ते काम पुरं होईपर्यंत बाहेर फुटता कामा नये. मलासुद्धा सांगायचं नाही. साक्षीदारांकडूनही शब्द घ्यायचा."

वर्गात कुजबुज झाली. चष्मेवाली उठली. "कोणीही चालेल, बाई?"

"कोणीही."

"मोठं माणूस पण?"

"मोठं असेल तर उत्तमच."

बाईंना वाटलं, पोरं पाळकसाहेबांना धरणार. मनातून त्या खूश झाल्या.

वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल पोरांनी कोणाला धरलं ते. बाईंच्या नाही आलं. अख्ख्या जगावर नजर ठेवणाऱ्या त्या बाईला आपल्याच वर्गाचा संशय येईना.

पहिल्यांदा शिंपी बोलला. कोपऱ्यावर त्याचं दुकान, बाई कपडे तिथेच शिवायच्या. तोंडातल्या टाचण्या सांभाळत तो म्हणाला, "तुमच्याबद्दल फार चौकशा होतायत हो हल्ली."

"कोण करतंय?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

"कोणाला दिलाय?"

"वा! ते सांगितलं तर मग शब्द कसला तो?" आणि हसला. चांगला मिशीतल्या मिशीत हसला.

मग बेकरीवाली. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता आपणहून म्हणाली, "आम्ही सगळं चांगलंच सांगितलं हो बाई. अगदी काळजी करू नका." ज्याच्या मनात चोर आहे त्याला याहून भयंकर वाक्य सांगता येणार नाही. बाई सुटे पैसे न घेताच बाहेर पडल्या, आणि असं त्यांच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

रविवारी भावाकडे गेल्या तर वहिनी दारातच म्हणाली, "ताई, आमच्या ऑफिसातली एक बाई विचारत होती, तुमच्या नणंदेचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं म्हणून. मी म्हटलं, कशाला हवंय? तर नुसती हसली."

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? तुमच्या लग्नात मला दिवस होते. मला फक्त उलट्या आठवतात."

भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला, "अगं, कोणाला तरी स्थळबिळ सुचवायचं असेल."

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी!"

"दादा, तुझी जीभ कापून टाकीन," बाई म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. लग्न. म्हणजे चौकशी लग्नापर्यंत पोचली होती.

आणि मग छत्री. शाळेच्या जिन्याशी खुंटीला बाईंची छत्री टांगलेली असायची, मूठ भिंतीकडे. एके दिवशी ती नव्हती. दुसऱ्या दिवशी होती, पण मूठ बाहेरच्या बाजूला. कोणीतरी नेली, पाहिली, परत आणून ठेवली. बाईंनी ती उघडून काड्या तपासल्या, मिटून कापड हुंगलं. डिंकाचा वास येत होता.

त्या संध्याकाळी खाटेवर बसून बाईंनी आपलाच नियम आपल्याला लावला. साक्षीदार, एकमेकांशी न बोललेले: शिंपी, बेकरीवाली, वहिनी. वस्तू: छत्री. म्हणजे चौकशी होते आहे, हे सिद्ध. करवतंय कोण? 'तुमचीच कोणी साक्ष काढली म्हणजे कळेल' असं म्हणाले ते. आणि जुन्या पुस्तकांना डिंक लावत बसतात तेही तेच, पाळकसाहेब. पण त्यांना मुळात शंका यावी कशी? कोणी तरी सांगितल्याशिवाय?

सांगू शकणारं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई एकट्याच चहा गाळत होत्या. कशावरूनबाई आत आल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या.

"तू सांगितलंस."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"मला तेवीसचा पाढा माहीत आहे. बाकी स्पष्ट बोल, चहा निवतोय."

"माझ्या नवऱ्याचं. पाळकांना सांगितलंस."

गणिताच्या बाईंनी गाळणं खाली ठेवलं. "कशावरून?"

हा शब्द बाईंकडे असा उलटा फिरून कधी आला नव्हता. "दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं."

"म्हणजे साक्षीदार नाहीत, वस्तू नाही, नुसता तुझा तर्क. तुझ्या वर्गातल्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर कान धरून बाकावर उभं केलं असतंस." गणिताच्या बाईंचा आवाज चढला. "इतकी वर्षं मी तोंडात मूग धरून बसले. आता तुझ्यासाठी केलेला चहाही मीच पिते. नीघ."

दोघींचं बोलणं बंद झालं. पोरांच्याही लक्षात आलं, कारण भिंतीवरची थाप बंद झाली. पूर्वी एकीचा वर्ग फार ओरडला की दुसरी भिंतीवर दोन थापा मारायची.

मैत्रीण गेली, आता खोली जाणार, हे बाईंनी धरून टाकलं. आणि वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा आयुष्यात भरपूर वाट बघून झाली होती. कोणी शाळेच्या समितीपुढे उभं करून विचारण्याआधी आपणच जाऊन सांगावं, मान वर करून, असं त्यांनी ठरवलं आणि दिवेलागणीला पाळकसाहेबांच्या घरी गेल्या.

पाळकसाहेब जेवणाच्या टेबलावर गीतांच्या फाटक्या पुस्तकांना डिंक लावत होते. पाळकबाई शेजारी बसून पानं दाबून धरत होत्या.

"या या बाई! बसा. हात चिकट आहेत, नाहीतर खुर्ची दिली असती."

"मी बसायला आले नाही. साहेब, मागच्या दाराने कशाला? समोरून विचारा मला."

"काय विचारू?"

"माझ्या मिस्टरांबद्दल."

पाळकसाहेब गोंधळले. मग चेहरा मऊ करून म्हणाले, "ते... वारले ना बिचारे. तापाने."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

सवय! दुसरं काही नाही. कोणी ठामपणे काही म्हटलं की जीभ आपोआप वळायची, तशी वळली. पाळकसाहेबांच्या हातातला कुंचला थांबला. डिंकाचा थेंब पुस्तकावर पडला. आणि मग बाईंना थांबता येईना. गोदाम, पत्रं, वाट बघणं, मुख्याध्यापिकांचा प्रश्न, तो बिनबुडाचा ताप, सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगून टाकलं. "तो मेलाय की जिवंत आहे, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. आता तुमची चौकशी थांबवा."

पाळकसाहेबांनी कुंचला बाजूला ठेवला. मग पाळकसाहेब म्हणाले, "बाई, मी तुमची कसलीही चौकशी केलेली नाही."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारी पोरं त्यांनी जन्मभर पाहिली होती. हा चेहरा खोटं बोलत नव्हता. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"अहो, त्यांना आधी पाणी द्या," पाळकबाई उठत म्हणाल्या.

"तुम्ही हे मला का सांगितलंत?" पाळकसाहेब जवळजवळ रडवेले होऊन म्हणाले. "मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. खोलीचा विश्वस्त मी आहे. माहीत नसल्यासारखं कसं वागू आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गात गेल्या तेव्हा सगळी पोरं हाताची घडी घालून, न सांगता, गप्प बसली होती. ही शांतता नेहमीची नव्हे हे कोणालाही कळलं असतं. चष्मेवाली पुढे आली. टेबलावर तिने एक छत्री ठेवली. बाईंचीच.

"बाई, आमचं काम झालं. आमचं माणूस म्हणजे तुम्ही."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

मग पोरं एकेक करून सांगू लागली. बाईंच्या सगळ्या कपड्यांना आतून चोरखिसा असतो: शिंपी म्हणतो, आणि शिंप्याची बायको वेगळं विचारलं तरी तेच म्हणते. वर्ग हसला. बाई कोणाला सांगत नाहीत, पण शिंप्याच्या मुलीला संध्याकाळी वाचायला शिकवतात: मुलगी म्हणते, बेकरीवाली म्हणते. बाई पाव घेताना रोज एक जादा घेतात आणि शिपाईमामाच्या खिडकीत ठेवून जातात: बेकरीवाली आणि मामा. बाईंची छत्री खूप ठिकाणी ठिगळलेली आहे आणि त्या नवी घेत नाहीत: ही वस्तू. "एक ठिगळ आमच्या हातून सुटलं, बाई, ते आम्ही डिंकाने परत चिकटवलं."

"उलटी टांगलीत," बाई म्हणाल्या.

"आणि बाईंचे मिस्टर तापाने वारले," चष्मेवाली म्हणाली. "हे शाळेत सगळेच म्हणतात. पण आम्ही विचारलं तुम्हाला कोणी सांगितलं, तर सगळ्यांना बाईंनीच सांगितलेलं. माझ्या आईने तुमच्या वहिनींना पण विचारलं. त्यांना फक्त उलट्या आठवतात. म्हणजे साक्षीदार एकच. वस्तू नाही. म्हणून ते आम्ही धरलं नाही, बाई. बाजूला ठेवलं." थोडं थांबून ती म्हणाली, "बरोबर केलं ना?"

एक रात्र. बाई एक रात्र गप्प बसल्या असत्या तर त्यांच्याच पोरांनी त्यांच्याच नियमाने त्यांना अलगद सोडून दिलं असतं.

"बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर." आणि खुर्चीत बसल्या.

पलीकडच्या वर्गात गणिताच्या बाईंना ती शांतता ऐकू आली. त्या वर्गातून कधी शांतता ऐकू आलेली नव्हती. त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या. बऱ्याच वेळाने पलीकडून एक आली. मधल्या सुट्टीत कशावरूनबाई शिक्षकांच्या खोलीत आल्या, म्हणाल्या, "मी गाढव आहे." गणिताच्या बाई म्हणाल्या, "त्याला साक्षीदार भरपूर मिळतील," आणि कप पुढे सरकवला.

पाळकसाहेबांनी समितीला सांगितलं. सांगण्याआधी स्वतः बाईंकडे येऊन तसं बोलले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. समितीत एक-दोघे फार तावातावाने बोलले. खोटं बोलणारी बाई मुलांना काय शिकवणार वगैरे. पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले, "त्यांनी स्वतःहून सांगितलंय. आपल्यापैकी कोणी स्वतःहून कधी काय सांगितलंय ते आठवा." नोकरी राहिली. खोलीचं मात्र असं ठरलं: उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत. बंदरावर जाऊन गोदामात विचारावं, तिथल्या चर्चमध्ये विचारावं. माणूस वारला असेल तर तसा कोणाचा तरी शब्द आणावा, खोली बाईंचीच. नाहीतर सोडावी.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, कारण पुढचं फक्त आपल्या दोघींचं आहे.

मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. एकटीने विचारून आलीस तर तुझं तुलाच पटायचं नाही, दुसरं माणूस हवंच. तू हो म्हणालीस. स्टेशनवर जाऊन गाड्या मी विचारून आले. तिकडे तुझ्या चुलत मावशीकडे उतरायचं ठरलं, वाटेत खायला काय न्यायचं यावरून आपण भांडलोसुद्धा. आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी तुझ्या खोलीवर आले तर तू खाटेचे पाय सोडवत होतीस. शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतलीस म्हणालीस. किल्ली पाळकांना देऊन आले म्हणालीस. मी विचारलं, अगं पण मग बंदर? "जाऊ की," म्हणालीस. "आता घाई कुठे आहे? पुढच्या सुट्टीत जाऊ." खाटेचं एक टोक मी धरलं, दुसरं तू, आणि आपण ती रस्त्याने शिंप्याकडे नेली.

पुढच्या सुट्टीत माझ्या आईचं आजारपण निघालं. त्यानंतरच्या सुट्टीत तुझ्या भाच्याचं काहीबाही, म्हणजे त्याचं दाताचं दुखणं! दाताच्या दुखण्यासाठी आत्याने महिनाभर राहायचं असतं हे मला तेव्हाच कळलं. मग एका सुट्टीत मी बोलले नाही आणि तूही बोलली नाहीस. मग तो विषय आपल्यात निघेनासा झाला, आणि तरी दर सुट्टीच्या आधी तू मला विचारायचीस, "तुझा काही बेत नाही ना?" आणि मी म्हणायचे, "नाही. तुझा?"

आता माझे गुडघे गेले आणि तुझे डोळे. गाडी अजून त्याच वेळेला सुटते, नातवाला विचारून घेतलं. बंदरावर काही आपण गेलो नाही.